डावा अंगठा

“उसको छोड़ दे, वो नहीं मारेगी!”

समोरच्या टीमचे सर बेंचवरून हे ओरडले तेव्हा बॉल माझ्या हातात होता आणि मी फ्री थ्रोच्या रेषेच्या जरा मागे, अगदी मोकळी उभी होते. माझ्यावर असलेली मुलगी दोन पावलं मागे सरकली, मग आणखी एक, आणि सरळ आमच्या पिव्होटच्या, म्हणजे रिंगखाली खेळणाऱ्या मुलीच्या, पुढ्यात जाऊन उभी राहिली. माझ्यासमोर कुणी नाही, रिंग दिसतेय, वेळही आहे, आणि मी पास दिला. तो अडवला गेला. मी पासच देणार हे एव्हाना पाणी वाटणाऱ्या पोरालाही कळलं असावं.

अकरावीतली गोष्ट. शाळेच्या बास्केटबॉल टीममध्ये मी पॉईंट गार्ड, म्हणजे बॉल पुढे आणून बाकीच्यांना वाटणारी. ड्रिबल बरं, पळ चांगला, लेअप, म्हणजे पळत रिंगखाली जाऊन टाकायचा बॉल, दोन्ही हातांनी. लांबून उडी मारून मारायचा जंप शॉट मात्र नाही. गार्डला शॉट नसला की तिचे पॉईंट तेवढे कमी होतात, असं मला तोवर वाटायचं. त्या दिवशी कळलं की तिची डिफेंडर तिच्यावर राहतच नाही. ती रिंगखाली जाऊन बाकीच्यांच्या वाटा अडवते. आमच्या चौघींना त्यांच्या पाचजणी अडवत होत्या आणि मी लांब उभी राहून बघत होते.

हरलो. परत येताना स्कूटरवर मागे बसून मी म्हटलं, “बाबा, मी सोडते हा खेळ.” बाबांनी कोपऱ्यावर गाडी लावली, दोन पोहे सांगितले, माझ्या पोह्यांवर शेव आणि जिरावन मसाला जास्त घालायला लावलं आणि म्हणाले, “खा आधी.” बाबांची ही जुनी सवय. कुठल्याही प्रश्नाला आधी पोहे.

शॉट अजिबातच नव्हता असंही नाही. होता, पण तो दहाव्या वर्षी बसलेला. इंदूरच्या राजेंद्रनगरात आमच्या घराजवळच्या मैदानावर उन्हाळी शिबिर असायचं, तिथला. सिमेंटचं कोर्ट, दोन खांब, त्यातल्या एकाची रिंग पुढे झुकलेली. उंची १० फूट, म्हणजे ३.०५ मीटर. मिनी बास्केटबॉलमध्ये लहान मुलांसाठी रिंग २.६० मीटरवर लावतात हे मला फार उशिरा कळलं. आमच्याकडे लहान-मोठे सगळे त्याच रिंगखाली. तिथवर बॉल पोचवायचा तर मी तो उजव्या कमरेपाशी न्यायचे, गुडघे मोडायचे आणि भरलेली बादली उचलून गच्चीवर फेकावी तसा दोन्ही हातांनी वर भिरकवायचे. पोचायचा. कधी आतही जायचा, मग टाळ्या पडायच्या. आत जातोय म्हटल्यावर तेव्हाच्या सरांनी कधी हात लावला नाही. नंतर माझी उंची वाढली, ५ नंबरचा बॉल जाऊन जरा मोठा ६ नंबरचा आला, आणि शॉट कमरेवरून छातीपर्यंत आला. एवढीच काय ती सुधारणा. दहा वर्षांच्या पोरीच्या दंडांना झेपेल असा जो शॉट बसला, तोच मी सतराव्या वर्षीही मारत होते.

त्या मॅचनंतर मी ठरवलं, शॉट सुधारायचा. आता इंदूरमध्ये तुम्ही काही करायचं ठरवलंत आणि चार जणांना ते कळलं, की सल्ल्याला तोटा नाही. मैदानाला फेऱ्या मारणारे एक काका (ते स्वतः कबड्डी खेळलेले) म्हणाले, उडी वाढव. कॉलेजच्या टीममधला एक भिया (आमच्याकडे भैयाला भिया म्हणतात) म्हणाला, “कोहनी अंदर रख, बस.” मी कोपर आत ठेवलं. रोज दोन तास, कोपर बरगडीला चिकटवून. आठ दिवसांत खांदा इतका दुखायला लागला की वेणी घालताना हात मागे जाईना. यूट्यूबवर एकजण सांगायचा बॉल कपाळासमोर, दुसरा सांगायचा कानाजवळ. मी सोमवारी कपाळ, मंगळवारी कान असं करत होते. दादा म्हणाला, “बुधवारी नाकासमोर धर, काय माहीत.”

एक गोष्ट मात्र मी माझी मी शोधली. वर्गात त्रिकोणमिती चालू होती आणि मी मागच्या बाकावर बसून वहीच्या शेवटच्या पानावर रिंग काढत होते. रिंगचा आतला व्यास ४५ सेंमी. ६ नंबरच्या बॉलचा घेर साधारण ७२ सेंमी, म्हणजे व्यास २३ च्या आसपास. बॉल बरोबर वरून खाली पडला तर त्याला पूर्ण ४५ चं तोंड मिळतं. तो तिरका आला की तेच तोंड त्याच्यासाठी चपटं होत जातं: ४५ गुणिले कोनाचा साइन. ४५ अंशांनी आला तर जवळजवळ ३२ सेंमी. ३० अंशांनी आला तर साडेबावीस. साडेबावीसच्या फटीतून २३ चा बॉल! म्हणजे इतक्या सपाट शॉटला रिंगला न घासता आत जाणं शक्यच नाही. गेला तर कडेवर आपटून, नशिबाने. माझा शॉट छातीवरून सुटायचा आणि भिंतीवर खिळा मारल्यासारखा सरळ जायचा. इतकी वर्षं मी नशिबावर खेळत होते. गणिताच्या मॅडमनी वही उचलून पाहिली, म्हणाल्या, “हे बरोबर आहे, पण पाठ वेगळा चालू आहे.”

म्हणजे काय चुकतंय ते कळलं. का चुकतंय ते नाही. बॉल उंच मारायला गेले की तो उजवीकडे जायचा. आणि दर वेळी उजवीकडेच.

ते कळलं रंगपंचमीला.

आमच्याकडे होळीपेक्षा रंगपंचमी मोठी. राजवाड्यावर गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक निघते, सगळं शहर तिथे लोटतं, गुलाल घरांच्या वरच्या मजल्यांपर्यंत उडतो. दुपारी मी नि माझ्या मैत्रिणी परत आलो तेव्हा कोण कुठली हे ओळखू येत नव्हतं. कुणीतरी माझ्या दोन्ही हातांना गडद हिरवा, तेलात कालवलेला रंग चोपडला होता. मैदानात शेजारची लहान पोरं बॉल खेळत होती. मी एकाचा बॉल घेतला आणि सहज एक शॉट मारला. रिंगच्या उजव्या कडेला लागून तो गडगडत गेला, तो बाकावर बसलेल्या सरांच्या पायाशी.

हे सर म्हणजे आमच्याच कॉलनीत राहणारे, बँकेतून निवृत्त झालेले. तरुणपणी राज्याकडून खेळले होते. मैदानावर रोज यायचे, वर्तमानपत्र वाचायचे, कुणाला काही शिकवायचे नाहीत. त्यांचा पांढरा सदराही त्या दिवशी गुलाबी झाला होता. त्यांनी बॉल उचलला, पोरांकडे टाकणार इतक्यात थांबले, चष्मा कपाळावर सरकवून बघत राहिले.

“अगं, इकडे ये. हे हात तुझे ना?”

नारिंगी बॉलवर माझे दोन्ही पंजे उठले होते. उजवा हात म्हणजे अख्खा हिरवा ठसा, बोटं, तळवा, सगळं एकसंध. डाव्या हाताच्या चार बोटांचे चार नीट ठिपके. आणि डाव्या अंगठ्याचा ठिपका नव्हताच, तिथे बोटभर लांब फराटा होता, डावीकडून उजवीकडे ओढलेला. सरांनी रुमालाने बॉल पुसला, मला परत मारायला लावलं. पुन्हा तोच फराटा. तिसऱ्यांदाही.

“शॉट उजव्या हाताचा,” ते म्हणाले. “डावा हात पाहुणा. बॉल सांभाळायला आलाय, सोडून निघून जायचं. तुझा पाहुणा स्वयंपाकघरात घुसून फोडणी देतोय.”

मी ओशाळून हसले. घरी जाऊन आरशासमोर बॉल न घेता शॉट मारून पाहिला. अंगठा हलला. बॉल नसतानाही हलला! सात वर्षं दोन हातांनी ढकलायची सवय. कोपर, उडी, कपाळ, कान सगळं बदलून झालं तरी शेवटच्या क्षणी तो अंगठा आपलं काम करून मोकळा. डावीकडून धक्का, म्हणून बॉल उजवीकडे. इतकं सरळ.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेपाचला मी सरांच्या दारात. त्यांनी एक अट घातली: परीक्षा संपल्यावर, आणि मी सांगेन तेवढंच. उन्हाळ्यात एकही मॅच खेळायची नाही. ही अट ऐकायला सोपी होती.

पहिले तीन आठवडे रिंगपासून एक मीटर. उडी नाही. डावा हात पाठीमागे, ओढणी खोचावी तसा ट्रॅकपॅन्टमध्ये खोचलेला. उजव्या पंजावर बॉल, तळव्यात आणि बॉलमध्ये बोट शिरेल एवढी फट, बॉलवरच्या काळ्या रेघा आडव्या. वर उचलायचा, कोपर डोळ्याच्या उंचीला आलं की मनगट मोडायचं, शेवटी तर्जनी आणि मधलं बोट लागलं पाहिजे. बॉल नीट सुटला तर त्या आडव्या रेघा मागच्या बाजूला स्वच्छ फिरताना दिसतात, गिरणीच्या पट्ट्यासारख्या. जरा वाकडा सुटला की रेघा डगमगतात, खरकट्या ताटासारखा बॉल हिंदकळत जातो. सर बाकावरून रिंगकडे बघायचेच नाहीत. गेला की नाही ते विचारायचे नाहीत. फक्त, “रेघ?” मी म्हणायचे, “सरळ.” किंवा, “हलली.” शंभर झाले की घरी.

हे दिसायला काय दिसत असेल विचार करा. अकरावी झालेली, शाळेच्या टीममधली मुलगी, एक हात चड्डीत खोचून रिंगखाली उभी आणि बाजूला आठवीतल्या पोरी लांबून शॉट मारतायत. एक तर येऊन म्हणाली, “ताई, तुझ्या हाताला लागलंय का?”

कोपराचं आश्चर्य म्हणजे त्याला कुणी हात लावलाच नाही. सरांनी माझे पाय बघितले. मी दोन्ही पंजे रिंगकडे अगदी सरळ, सावधान-विश्राममधल्या सावधानसारखे ठेवायचे. त्यांनी खडूने जमिनीवर दोन रेघा मारल्या, किंचित डावीकडे वळलेल्या. तिथे पाय ठेवले की उजवी कंबर, उजवा खांदा आपोआप पुढे येतात आणि कोपर बॉलखाली येऊन बसतं. न दुखता. त्या भियाचं चुकलं नव्हतं म्हणा, कोपर आतच हवं होतं; पण ते पायांतून यायचं होतं, मी खांद्यातून ओढत होते.

मग डावा हात परत आला, आणि अंगठाही. बाबा शाळेत शिकवतात, त्यामुळे घरात खडूंना तोटा नाही. रोज सकाळी मी डाव्या अंगठ्याला ओला खडू फासायचे. शॉट मारला, बॉल परत आला की बघायचं: ठिपका की फराटा. रिबाउंड बाबा काढायचे आणि बॉल हातात घेऊन आधी तपासायचे, वही तपासल्यासारखा. “फराटा. परत.” एक वही केली, तिच्यात तीन रकाने: मारले, गेले, उजवीकडे चुकले. फ्री थ्रोची रेषा बोर्डापासून ४.६ मीटर, तिथून रोज २५. जुन्या शॉटने मी २५ मधले दहा-अकरा घालायचे. नव्याने पहिल्या दिवशी चार गेले. पंधरा दिवसांनी सहा. मग परत पाच.

हा काळ कसा गेला ते नीट सांगता येत नाही. जुना शॉट मोडलेला, नवा आलेला नाही. रात्री झोप येईना की मी मोबाईलवर इतर खेळाडूंच्या शॉटच्या कथा वाचायचे. बाबांनी स्टीफन करीची सांगितली होती: तोही शाळेत असताना कमरेपासून मारायचा, वडील डेल करी स्वतः एनबीएतले, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगमधले, नावाजलेले शूटर, त्यांनी एका उन्हाळ्यात त्याचा शॉट मोडून डोक्याच्या वरून सुटेल असा नव्याने बसवला, आणि त्या उन्हाळ्यात पोरगा अगदी रडकुंडीला आला होता. पुढे २०१५-१६ च्या एका हंगामात त्याने ४०२ थ्री-पॉईंटर, म्हणजे लांबून मारायचे तीन पॉईंटचे शॉट, घातले वगैरे वगैरे. ही बाबांची गोष्ट. मला स्वतःला सापडली ती मार्केल फुल्ट्झची. तोही गार्ड. २०१७ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनबीएच्या टीम नवे खेळाडू निवडतात त्यात, सगळ्यांत पहिला निवडला गेला आणि त्याचा शॉटच हरवला. फ्री थ्रो मारताना हात मध्येच अडकल्यासारखा व्हायचा. लोकांनी टर उडवली. २०१८ च्या डिसेंबरात निदान झालं, थोरॅसिक आउटलेट सिंड्रोम, मान-खांद्याजवळ नसा दबण्याचा आजार. हे वाचल्यापासून मी रोज उठल्या उठल्या उजवा हात गोल फिरवून बघायची. आई म्हणाली, “काय गं, पंखा का झालीयस?” आजार नव्हताच. मला तो हवा होता, थोडासा, म्हणजे सांगायला कारण झालं असतं.

अट मी एकदा मोडली. जूनमध्ये मैत्रिणींच्या टीमला एक मुलगी कमी पडत होती, सरांना न सांगता गेले. पहिलाच मोकळा शॉट मिळाला, नवा मारू की जुना हे हवेत असताना ठरेना, बॉल रिंगलाही लागला नाही, बोर्डालाही नाही. एअरबॉल. पुढचे दोन मी गुपचूप छातीवरून मारले. एक गेला, हे वाईट झालं. दुसऱ्या दिवशी खडूचे फराटेच फराटे. सरांनी काही विचारलं नाही, वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, “एक मीटरवर ये. डावा हात मागे.”

पुन्हा तीन आठवडे.

पावसाळ्यात कोर्ट ओलं, तेव्हा घरातच गादीवर पडून छताकडे बॉल टाकायचे, छताला लागू द्यायचा नाही आणि नाकावर परत आला पाहिजे. दोनदा ट्यूबलाइटला लागला. तिसऱ्यांदा आईने बॉल माळ्यावर टाकला, तो दादाने काढून दिला.

उडीची भर पडली तेव्हा नवा घोळ. मी सगळीकडे ऐकलं होतं की जंप शॉट उडीच्या टोकाला, क्षणभर थांबून सोडायचा. ते उंच, दणकट खेळाडूंना जमतं. वर थांबून नुसत्या दंडाच्या जोरावर ते बॉल पोचवतात. मी ५ फूट ३ इंच. टोकाला पोचेपर्यंत पायांचा जोर संपलेला असायचा आणि मग तो भरून काढायला कोण धावून यायचं? अंगठा! सर म्हणाले, “थांबू नको. चढता चढता सोड. पाय उठले की बॉल उठला पाहिजे, दोघांचं एकच गाणं.” हे जमलं त्या दिवशी बॉल अचानक हलका झाला. फ्री थ्रोच्या रेषेवरून मारलेला बोर्डावर, वरच्या चौकोनाला जाऊन लागला, इतका लांब. मी लांब मारला म्हणून पहिल्यांदाच कुणीतरी मला शाबास म्हटलं.

उभ्याने मारणं एक आणि ड्रिबल करत येऊन मारणं वेगळं. गार्डला दुसरंच जास्त लागतं. तिथे रेघा आडव्या करायला वेळ नसतो, बॉल हातात येईल तसा येतो. सरांनी इथे फक्त दोन गोष्टी दिल्या: शेवटचा टप्पा जोरात मार म्हणजे बॉल स्वतःच वर येईल, आणि पाय डावा-उजवा, डावा-उजवा. डावीकडे जाताना मला हे पटकन जमलं. उजवीकडे जाताना अजूनही अंग पुढे वाहून जातं.

वहीत गणेशचतुर्थीच्या दिवशी २५ पैकी १४ असं आहे. त्याच्या आदल्या दिवशी ८, त्यामुळे मी ते फार मनावर घेतलं नाही.

शाळेच्या टीममध्ये परतले तेव्हा माझी जागा गेली होती. दहावीतली एक पोरगी सुरुवातीच्या पाचात आली होती आणि चांगली खेळत होती. मी बेंचवर. वाईट वाटलं नाही असं म्हणणार नाही. तिने प्रत्येक पास चुकवावा अशी मनातल्या मनात प्रार्थनाही केली. ती चुकली नाही. तिचा पाय मुरगळला म्हणून मी आत गेले.

रेसकोर्स रोडच्या बास्केटबॉल कॉम्प्लेक्समधली मॅच. माझ्यावर जी मुलगी होती तिला माझ्याबद्दल सांगून ठेवलेलं असावं, कारण ती पहिल्यापासूनच दोन पावलं मागे. पहिला शॉट मी मोकळा मारला. समोरच्या कडेला लागून बाहेर. दुसरा, तोच प्रकार. आमच्या बेंचवरून कुणीतरी “पास दे ना” म्हणालं. तिसऱ्या वेळी डावीकडे एक टप्पा, डावा-उजवा, आणि सुटला. बॉल आत गेला तेव्हा मी जाळी बघितलीच नाही, रेघा बघत होते.

पुढच्या खेपेला मी तिथेच आले. ती मुलगी दोन पावलं मागेच होती, मग तिने हात वर केला आणि एक पाऊल पुढे आली. एकच. मला तिच्या बुटांची नाडी दिसली, इतकी जवळ. तिच्या मागे, रिंगपाशी, आमची पिव्होट एकटी उभी होती आणि मध्ये कुणीही नव्हतं. खाली टप्पा देऊन पास, तिने नुसता वर ठेवला. मॅचमध्ये असे तीन पास गेले. शॉट मी आणखी एकच मारला, तोही आखूड.

घरी येऊन वही काढली. मारले ४. गेले १. उजवीकडे चुकले ०. पासांसाठी रकाना नव्हता, तो दादाने पट्टीने आखून दिला.

संध्याकाळी सरांना दाखवली. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला. “तीन आखूड?”

“हो.”

“मग पाय थकले होते. उद्यापासून दोरीच्या उड्या. पाचशे.”